मेजरबाई आणि ह्यांची पाठ

मेजरबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी दाराशी चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन ह्यांच्या पलंगावर आडव्या झाल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी. हे चाकाच्या खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर निपचित. सत्तरीच्या पुढची एक परकी बाई आपल्या गादीवर पडून छताकडं बघतेय, हे ते डोळे मोठे करून पाहत होते. मी विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला? त्यांनी हातानंच गप्प राहा म्हणून खूण केली. चांगली वीस मिनिटं पडून राहिल्या बाई. पाणी शेवटी मीच पिऊन टाकलं.

उठल्या आणि सांगायला लागल्या. वरची ट्यूब नेमकी डोळ्यांत येते. बोलवायची घंटी उजव्या उशाशी ठेवलीय, आणि माणसाचा उजवा हातच गेलाय. गादी कमरेपाशी बसलीय, तिथं खालची फळी लागते. पलंग असा फिरवा की खिडकीतलं झाड दिसेल. सगळं खरं होतं. चार महिने मी त्या पलंगाशी उठबस करत होते, पण त्याच्यावर एकदा पाठ टेकून बघावी हे काही मला सुचलं नव्हतं.

आता त्या कोण ते सांगते. मूळच्या अमरावतीकडच्या. सगळं आयुष्य मिलिटरी नर्सिंगमध्ये गेलं, मेजर होऊन रिटायर झाल्या, लग्न केलं नाही. त्रेचाळीस सेक्टरात, बसस्टँडच्या मागं, एका घराच्या तळमजल्यावर एक खोली घेऊन राहायच्या. आम्ही उत्तरेतल्या ह्या शहरातली मराठी माणसं म्हणजे बहुतेक बदलीवरची. कुणी बँकेतलं, कुणी हवाई दलातलं, तीन-चार वर्षं राहायचं आणि सामान बांधायचं. आमच्यासारखी थोडी निवृत्त होऊन इथंच चिकटलेली. हे सरकारी प्रयोगशाळेत होते, अडतीस सेक्टरातलं घर नोकरीत असतानाच घेतलं. तर ह्या मंडळींत कुणाच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय असं कानावर आलं, की मेजरबाई पोचायच्या. बोलावणं लागत नसे. पिशवीत एक टॉर्च, एक हातातला आरसा, एक टॉवेल. प्रत्येक घराचा वार ठरलेला, आमचा गुरुवार. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत की त्यांना ठेवायची नसत, देव जाणे. गावावरून हाक मारायच्या. मी मिरजकरीण. आमच्या खालच्या मजल्यावरची धुळेकरीण. एरवी साधं बोलायच्या, पण राग आला की वऱ्हाडी सुरू.

लोक त्यांना टरकून असत आणि पाठीमागं हसत. हसण्यासारख्या होत्याच त्या. येणाऱ्या अटेंडंट मुलींची नखं तपासायच्या, शाळेतल्यासारखी, पुढं करा हात. अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघायच्या. एकदा पंचकुल्याला एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी गेल्या होत्या. त्यांच्या म्हाताऱ्या आई नाकातली नळी ओढून काढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात ओढणीनं पलंगाला बांधलेले. मेजरबाई पलंगापाशी गेल्या. आजींची ओढणी सोडली आणि सुनेला म्हणाल्या, ह्याच ओढणीनं माझे हात ह्या खुर्चीला बांध. सून हसायला लागली. बाई हसेनात. बांधावे लागले. मग चहा आला, बिस्किटं आली, दोन पाहुणे आले, आणि ह्या खुर्चीला बांधलेल्या तशाच पाऊण तास बसल्या. मधेच सुनेला म्हणाल्या, जरा माझं नाक खाजव. थोड्या वेळानं पुन्हा, जरा डावीकडं खाजव. ती सूनच मला हे सांगत होती. आधी हसत सांगत होती, आणि नाकापाशी आली तेव्हा रडायला लागली. आजींना नळी ओढता येऊ नये म्हणून हातात घालायचे कापडी मोजे त्याच संध्याकाळी शिवून घेतले म्हणे.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एका गुरुवारी मला म्हणाल्या, आडवी हो. झाले. उशी काढून घेतली आणि ह्यांच्यासाठी केलेला दलिया चमच्यानं माझ्या तोंडात घातला. नुसता एक चमचा, पण असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, आता कळलं जेवताना ते तोंड का फिरवतात? त्या दिवसापासून ह्यांना बसवून, मान जराशी पुढं झुकवून भरवायला लागलो. हे जेवायला लागले हो. त्यांच्या गालावर मांस चढलं.

पाठीचं तर त्यांचं वेडच होतं. आल्या की आधी ह्यांना म्हणायच्या, साहेब, इजाजत आहे? ह्यांनी डोळ्यांनी होय म्हटलं की दार लावून घ्यायच्या, पडदा ओढायच्या, कुशीवर वळवायच्या आणि टॉर्च घेऊन टाचांपासून मानेपर्यंत बघायच्या. माकडहाडापाशी थांबायच्या. मला शिकवलं ते माझ्याच कोपरावर. कुठं लाल दिसलं तर अंगठ्यानं दाबायचं. अंगठा काढल्यावर क्षणभर पांढरं पडलं तर ठीक. लालच राहिलं तर समजायचं, आत जखम सुरू झाली. आमच्या घरातली भोकाची रबरी गादी त्यांनी पहिल्याच आठवड्यात गच्चीवर फेकली. पावडरचा डबाही फेकणार होत्या. म्हणाल्या, पावडर वास झाकते, वास हाच तर आपला चौकीदार. डबा मी लपवला. खोलीला छान वास येतो असं येणारे-जाणारे म्हणायचे, मला बरं वाटायचं.

मी मात्र त्या वेळी बाहेर थांबायची. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी माझ्यासमोर शर्ट बदलला नाही. पक्षाघातानंतर बोलणं जवळजवळ गेलं, दोन-तीन शब्द उरले, त्यातला एक ‘नको’. मी चादरीला हात घातला की डाव्या हातानं ती घट्ट धरायचे आणि म्हणायचे, नको. नर्सनं बघितलेलं चालायचं, अटेंडंटनं चालायचं, बायकोनं नाही. मी मान ठेवला त्यांचा. तेव्हा तरी मला तो मान वाटायचा.

अटेंडंट होती कमलेश. एजन्सीतून आलेली, नयागावला राहायची, सकाळी आठ ते रात्री आठ. अंगानं काडी. आमच्याकडची ड्यूटी संपली की आणखी एका घरी रात्रीची ड्यूटी. गुणी मुलगी, अंकलजी-अंकलजी करत दाढी करायची ह्यांची. आणि घरात माझा मुलगा. तो डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. त्याच्या कामाचं पहिलं सूत्र म्हणजे, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. चांगलंच सूत्र आहे, त्यामुळंच आपल्याला धड गोळ्या मिळतात. त्यानं बाबांसाठी सुद्धा कारखान्यासारखाच छापील तक्ता केला. दर दोन तासांनी एक ओळ. आठ वाजता डावी कूस, दहा वाजता उजवी कूस, बारा वाजता पाठ. कमलेशनं बरोबरची खूण करायची. आणि शेवटच्या रकान्यात ‘तपासणाऱ्याची सही’. तपासणारी मी. संध्याकाळी चहाच्या वेळी मी चष्मा लावून बसायची आणि दिवसभराच्या सात सह्या एकदम करायची. शाळा माझी सातवीपर्यंत झालेली. आपल्या सहीला घरात कुणी विचारतंय ह्याचं मला अप्रूप होतं. खोटं कशाला सांगू?

मेजरबाईंना ती फाइल दाखवली तर त्यांनी उघडली पण नाही. “मले कागद दाखवू नको वं,” म्हणाल्या. “कागदाले फोड येत नाहीत.” मुलाला ते लागलं. तो म्हणाला, आई, ह्या जुन्या लोकांना सिस्टिम नको असते, मनमानी हवी असते. मी दोघांच्या मधे चहा ठेवला.

जानेवारीत हळदीकुंकू केलं. ह्यांच्या दुखण्यामुळं आदल्या वर्षी केलं नव्हतं, म्हणून या वर्षी हौसेनं पंचवीस-तीस जणींना बोलावलं. बाहेर धुकं, साड्यांवर स्वेटर घातलेल्या बायका, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. दिवस कुठला होता हे माझ्या लक्षातच नाही. गुरुवार होता. मेजरबाई आल्या त्या गुरुवारसाठी, हळदीकुंकवाला नव्हे. पायातले बूट काढले, बायकांतून वाट काढत आत गेल्या. कमलेश बायकांना तिळगूळ देण्यात गुंतली होती, तिला मीच लावलं होतं त्या कामाला. आत सात-आठ जणी ह्यांची विचारपूस करायला पलंगाभोवती उभ्या होत्या. मेजरबाईंना ओल्या कपड्याचा वास आला असावा. त्या दिवशी त्यांनी इजाजत मागितली नाही, दार लावलं नाही. सरळ रजई वर केली, ह्यांना वळवलं, आणि मोठ्यानं हाक मारली, “मिरजकरीण, इकडं ये. हे पाहा.”

मी धावले. दारातून मला दिसलं ते फक्त ह्यांचं तोंड. डाव्या हातानं त्यांनी डोळे झाकले होते. त्या सगळ्या जणींच्या समोर. कुणी मान वळवली, कुणी नाही वळवली. मी जाऊन रजई ओढली, नीट टोकापर्यंत ओढली, आणि म्हटलं, “मेजरबाई, तुम्ही आता येत जाऊ नका आमच्याकडं.”

त्यांना कळलं काय झालं ते. त्या ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, “साहेब, चूक झाली माझी. दार लावायला पाहिजे होतं.” मग माझ्याकडं वळल्या. आवाज एकदम उतरलेला. “मी नाही येत. पण माकडहाडापाशी लाल झालंय. ह्यांना वळवायला दोघी लागतात, ती पोरगी एकटी नाही पुरत. तू पाहा. सहीच्या आधी पाहा.”

वाण न घेता गेल्या. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, बाई जरा फिरल्यातच. मी हो म्हटलं.

पुढच्या गुरुवारी त्या परत आल्या. फाटकाच्या बाहेर उभ्या. मी पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत. त्यांनी खालून एवढंच विचारलं, “पाह्यलं का?”

मी म्हटलं, हो, सगळं ठीक आहे.

मी पाहिलं नव्हतं. कमलेशला विचारलं होतं, ती म्हणाली होती, थोडंसं लाल होतं, क्रीम लावलंय, पावडर लावलीय, वर पट्टी. तक्त्यात सगळ्या खुणा होत्या. मुलगा म्हणाला, आई, तू वजन उचलायच्या भानगडीत पडू नकोस, तुझे गुडघे बघ, त्यासाठीच तर माणूस ठेवलंय. तो स्वतः रात्री उठून बाबांना वळवायचा, पण दिवा न लावता, त्यांची झोप मोडू नये म्हणून. आणि मी एकदा चादरीला हात घातला होता. ह्यांनी ती धरली. नको म्हणाले. हळदीकुंकवानंतर त्या ‘नको’ला जास्तच जोर आला होता. मी हात काढून घेतला.

तीन गुरुवार त्या फाटकाशी आल्या. तीनदा तोच प्रश्न, तीनदा मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. थंडीनं खिडक्या बंद, हीटर चालू, खोलीत पावडरचा घमघमाट.

चौथ्या गुरुवारच्या आधीच ह्यांना ताप भरला. दोन दिवसांनी शुद्ध जायला लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरणीनं आणि वॉर्डबॉयनं मिळून त्यांना कुशीवर वळवलं, पट्टी ओढली, आणि ती म्हणाली, माताजी, जरा बाहेर बसा. मी नाही गेले. तेव्हा पाहिलं मी. माझी मूठ मावली असती. आत पांढरं दिसत होतं, ते हाड होतं हे मला कुणी सांगितलं नाही, पण चाळीस वर्षं मटण साफ केलंय मी.

डॉक्टरणीनं विचारलं, ह्यांना वळवत नव्हते का? मुलानं बॅगेतून फाइल काढली. तिनं पानं उलटली. एकही ओळ रिकामी नव्हती. तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, ही सही कुणाची?

अकराव्या दिवशी हे गेले. विष रक्तात पसरलं होतं.

कमलेश तेराव्याला आली. कोपऱ्यात उकिडवी बसून राहिली, काही खाल्लं नाही. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आंटीजी, अंकलजी मुझसे अकेले पलटते नहीं थे. पहले-पहले पलट जाते थे. फिर वज़न बढ़ गया उनका.” दलियानं चढलेलं वजन ते. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, भैयाच्या कागदावर फक्त टिक करायची जागा होती.

मुलगा तिथंच उभा होता. तिच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तो म्हणाला, “आमच्याकडं एखादं काम झालं नाही तर का झालं नाही ते लिहायला वेगळा रकाना असतो, आई. मी तो काढून टाकला. म्हटलं, घरात कशाला.” मग तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ आला नाही.

मेजरबाईही आल्या होत्या. मी वाट बघत होते की आता ह्या बोलतील. फाटकाशी मी खोटं बोलले ते त्यांना तेव्हाच कळलं होतं, ह्याची मला खात्री होती. त्या रिकाम्या पलंगावर बसल्या, झोपल्या नाहीत. हातानं गादीचा तो बसलेला भाग चाचपत राहिल्या. म्हणाल्या, त्या श्रीनगरला पोस्टिंगवर असताना अमरावतीहून भावाचं दर आठवड्याला पत्र यायचं, आईची तब्येत ठीक आहे. रजा मिळून घरी पोचल्या तेव्हा आईच्या पाठीतल्या जखमेत मुंग्या होत्या. एवढंच सांगितलं. चहा घेतला आणि गेल्या. माझ्यावर दया केली की मला ठेचलं, मी अजून ठरवू शकले नाही.

दोन वर्षं झाली ह्याला. आता मेजरबाईंचीच पाळी आली आहे. डोक्यात गाठ झाली, पाय गेले, सगळंच विसरायला लागल्या. अमरावतीचा भाचा भला आहे, पैसे पाठवतो, अटेंडंट ठेवलीय, रोज व्हिडिओ कॉल करतो. अटेंडंट फोन त्यांच्या तोंडासमोर धरते, त्याला तोंड दिसतं. मी गुरुवारी जाते. अडतीसहून बस बदलून त्रेचाळीसला, गुडघ्यांना शिव्या देत. त्या मला ओळखत नाहीत. कधी मला आई म्हणतात, कधी सिस्टर.

गेल्या गुरुवारी दुपारी अडीचला पोचले. पलंगाच्या पायाशी फाइल लटकवलेली. एजन्सीची, छान प्लास्टिकच्या कव्हरातली. त्यात दुपारी चारच्या ओळीत उजवी कूस म्हणून बरोबरची खूण आधीच केलेली होती. सहाचीही होती. अटेंडंटनं माझ्यासमोर पेन धरलं, कुणी भेटायला आलं तर सही घ्यायची म्हणे. मी म्हटलं, थांब बेटा, हात धुऊन येते.

दार लावलं, पडदा ओढला. म्हटलं, “मेजरसाहेब, इजाजत आहे?”

त्यांनी चादर धरली. दोन्ही हातांनी, गळ्यापाशी, लहान मुलीसारखी. “नको,” म्हणाल्या. “नको ना.”

मी क्षणभर उभी राहिले, हात चादरीवर. मग त्यांची बोटं एकेक करून सोडवली. रडायला लागल्या त्या. मी थांबले नाही. अटेंडंट म्हणाली, आंटी, माताजी अकेले नहीं पलटतीं. मी म्हटलं, दोघी आहोत, तू खांदा धर. पलटलं. त्यांच्याच पिशवीतला टॉर्च काढला. टाचा बघितल्या, घोटे, कंबर. माकडहाडापाशी लाल होतं, पाच रुपयांच्या नाण्याएवढं. अंगठ्यानं दाबलं, मनात तीन आकडे मोजले आणि अंगठा उचलला.

लाल तसंच होतं.

भिंतीकडं तोंड करून पडलेल्या मेजरबाईंनी बारीक आवाजात विचारलं, “पाह्यलं का?”

“पाहिलं.”

“काय दिसलं?”

मी सांगितलं. लाल आहे, दाबलं तरी पांढरं होत नाही. अटेंडंटला मी उशी त्यांच्या पाठीमागं लावायला सांगितली, डॉक्टरला फोन केला, मग भाच्याला केला आणि म्हटलं, आज तोंड नको बघूस, पाठ बघ. आणि खुर्ची ओढून बसले. पुन्हा वळवायची वेळ साडेचारची होती, आणि दोघी लागतात.